केव्हीएम स्विचच्या यूएसबी पोर्टवर बॅकअपची भिस्त नको

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मार्चअखेर जवळ आली की पुण्यातील पतसंस्था, शाळा, लहान रुग्णालये आणि मध्यम आकाराचे कारखाने यांच्याकडे संगणक-सामग्रीची कोटेशने येऊ लागतात. अशा संस्थांच्या सर्व्हरची देखभाल हा माझा व्यवसाय असल्यामुळे ही कोटेशने मला वाचावी लागतात, आणि अलीकडे त्यांत एक ओळ वारंवार दिसते : ‘चार पोर्टचा केव्हीएम स्विच, चारही सर्व्हरसाठी एकच मॉनिटर, की-बोर्ड, माउस, तसेच यूएसबी स्टोरेज शेअरिंगची सोय.’ केव्हीएम म्हणजे की-बोर्ड, व्हिडिओ, माउस; एकाच संचावरून अनेक सर्व्हर आळीपाळीने हाताळू देणारा हा डबा. या ओळीचा पूर्वार्ध खरा आहे आणि उपयुक्तही आहे. उत्तरार्ध मात्र विक्रेता एका अर्थाने लिहितो आणि संस्थेचे सचिव तो भलत्याच अर्थाने, म्हणजे एकच डिस्क चारही सर्व्हरना कायम वापरता येईल असा, वाचतात. त्यातून पुढे बॅकअपचे जे हाल होतात ते अनेक ठिकाणी पाहिल्यामुळे, आणि आपल्या वाचकांपैकी बरेच जण अशा संस्थांच्या संचालक मंडळांवर असतील म्हणून, हे जरा सविस्तर पत्र लिहीत आहे.

या उपकरणाची चांगली बाजू आधी सांगतो. पेठांमधल्या जुन्या इमारतींत सर्व्हरसाठी स्वतंत्र खोली मिळणे दुरापास्त असते. जिन्याखालची जागा, पोटमाळा किंवा दप्तराच्या कपाटांमागची अरुंद पट्टी एवढ्यात सगळे बसवावे लागते. तिथे प्रत्येक सर्व्हरला वेगळा मॉनिटर देणे हा जागेचा आणि विजेचा निव्वळ अपव्यय, कारण सर्व्हरसमोर रोज कोणी बसत नाही. रोजचे काम रिमोट डेस्कटॉपने किंवा एसएसएचने, म्हणजे नेटवर्कवरून, दुसऱ्या टेबलावरून होते. प्रत्यक्ष पडद्याची गरज पडते ती सर्व्हर सुरूच होत नसेल, नेटवर्क कार्ड बंद पडले असेल किंवा बायोसमधली (सर्व्हर चालू होताना सर्वांत आधी धावणाऱ्या प्रणालीतली) एखादी सेटिंग बदलायची असेल तेव्हा, आणि ही गरज काही हजार रुपयांचा स्विच उत्तम भागवतो. त्यावरचे बटण दाबले, किंवा अनेक स्विचांत स्क्रोल लॉक दोनदा दाबून पोर्टचा आकडा दाबला, की पडदा आणि की-बोर्ड दुसऱ्या सर्व्हरकडे जातात.

चांगल्या स्विचमध्ये याखेरीज एक गोष्ट आतल्या आत चालू असते. जो सर्व्हर त्या क्षणी निवडलेला नसतो, त्यालाही आपला की-बोर्ड आणि माउस जागेवरच आहेत असे भासवले जाते, आणि मॉनिटरची ओळख देणारी ईडीआयडी ही माहितीही त्याला मिळत राहते. त्यामुळे वीज जाऊन आल्यावर जुना सर्व्हर की-बोर्ड सापडत नाही म्हणून अडून बसत नाही आणि पडद्याचे रिझोल्यूशनही बिघडत नाही. अगदी स्वस्त स्विचांत ही सोय बहुधा नसते. शिवाय रॅकमधल्या बऱ्याच सर्व्हरना आजही व्हीजीए पोर्टच असतो आणि नवे स्विच मात्र प्रामुख्याने एचडीएमआयचे येतात, तेव्हा तापकीर गल्लीत जाण्यापूर्वी सर्व्हरची मागची बाजू एकदा डोळ्यांखालून घातलेली बरी.

घोळ सुरू होतो तो याच डब्यावरच्या जादा यूएसबी पोर्टपासून. की-बोर्ड जागेवर असल्याचा आभास निर्माण करता येतो, कारण की-बोर्डवरून येणारी माहिती अगदी थोडी असते आणि त्यात साठवून ठेवण्यासारखे काही नसते. हार्डडिस्कच्या बाबतीत तो आभास चालत नाही. यूएसबीच्या रचनेनुसार कोणतेही उपकरण एका वेळी एकाच संगणकाच्या ताब्यात असते, आणि केव्हीएम स्विच एवढेच करतो की आपल्या आतला हब (यूएसबी पोर्ट एकत्र जोडणारा भाग) एका सर्व्हरपासून तोडून दुसऱ्याला जोडतो. बटण दाबताच पहिल्या सर्व्हरच्या दृष्टीने डिस्क उपटून काढलेली असते आणि दुसऱ्याच्या दृष्टीने ती नव्याने खोचलेली असते. पेनड्राइव्ह काढण्यापूर्वी ‘सेफली रिमूव्ह’ करावे हे शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. स्विच मात्र फाइल लिहून झाली की नाही याची विचारपूस करत नाही.

याचे परिणाम लगेच दिसत नाहीत, आणि खरा धोका तोच आहे. लिनक्स सर्व्हरवर फाइल कॉपी झाल्याचे दिसले तरी मजकूर काही काळ मेमरीतच असतो. नेहमीच्या सेटिंगनुसार तो डिस्कवर उतरायला ३० सेकंदांपर्यंत वेळ लागू शकतो, आणि डिस्क हळू असेल तर त्याहून अधिक. तेवढ्यात कोणी बटण दाबले तर फाइलचे नाव यादीत दिसते, आतला भाग अपुरा असतो. विंडोजने २०१८ मध्ये आलेल्या १८०९ या आवृत्तीपासून बाहेरच्या डिस्कसाठी ‘क्विक रिमूव्हल’ ही पद्धत मूळ सेटिंग म्हणून स्वीकारली, त्यामुळे तिथे हा धोका कमी झाला. पण कॉपी चालू असतानाच स्विच फिरवला तर त्या फाइलला ही सेटिंग वाचवू शकत नाही. बाजारातून आणलेल्या अनेक डिस्क एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट केलेल्या असतात आणि एक्सफॅटमध्ये जर्नल नसतो, म्हणजे अर्धवट राहिलेल्या बदलांची नोंद ठेवून नंतर ते सावरण्याची सोय नसते. एनटीएफएस आणि ईएक्सटी४ यांत ती असते, पण जर्नलने वाचतो तो डिस्कचा सांगाडा. अर्धी लिहिलेली बॅकअप फाइल अर्धीच राहते. फॅट३२ असेल तर ४ जीबीच्या वर एक फाइलच मावत नाही, तो तर वेगळाच ताप.

आता रात्रीच्या बॅकअपचे पाहू. एका पतसंस्थेत मुख्य सर्व्हरवर मध्यरात्रीनंतर आपोआप बॅकअप घेणारी स्क्रिप्ट होती आणि डिस्क स्विचच्या यूएसबी पोर्टवर लावलेली होती. दिवसा कोणीतरी कॅमेऱ्यांचे फुटेज पाहण्यासाठी स्विच दुसऱ्या पोर्टवर नेला आणि तसाच ठेवून घरी गेले. यात त्या माणसाची चूक कोणती? पडदा बदलण्यासाठीच तर ते बटण असते. लिनक्समध्ये डिस्क ज्या फोल्डरवर माउंट केली जाते, म्हणजे जोडून दाखवली जाते, तो फोल्डर डिस्क नसली तरी जागेवर राहतो, फक्त तो सर्व्हरच्या स्वतःच्या डिस्कवरचा रिकामा फोल्डर असतो. स्क्रिप्टला तो फोल्डर सापडला आणि तिने बॅकअप तिथेच लिहायला सुरुवात केली. सर्व्हरची मुख्य डिस्क रात्रीमागून रात्र भरत गेली, आणि एका सकाळी काउंटर उघडायच्या वेळी डेटाबेसला लिहायला जागा उरली नाही. बॅकअपचा लॉग (नोंदींची फाइल) मात्र आदल्या रात्रीपर्यंत ‘यशस्वी’ सांगत होता, कारण त्याच्या दृष्टीने फाइल लिहिली गेलीच होती. विंडोजवर हाच प्रकार वेगळ्या रूपात येतो : डिस्क परत आल्यावर तिला ‘ई’ऐवजी ‘एफ’ हे अक्षर मिळू शकते, आणि ठरलेला बॅकअप ‘ई’ शोधत बसतो. लिनक्सच्या स्क्रिप्टमध्ये डिस्क खरोखर माउंट आहे का हे ‘माउंटपॉइंट’ या आज्ञेने आधी तपासण्याची एक ओळ घातली तर निदान मुख्य डिस्क भरण्याचा प्रसंग टळतो. बॅकअप होणार नाही तो नाहीच.

याच डब्याच्या आणखी दोन खोडी सांगायला हव्यात. अनेक स्विचांत ‘ऑटोस्कॅन’ नावाची सोय असते, ज्यात पडदा ठरावीक सेकंदांनी आपोआप एकामागून एक सर्व्हर दाखवत जातो. देखरेखीसाठी ती बरी. पण त्याबरोबर यूएसबी हबही फिरत असेल तर डिस्क दर काही सेकंदांनी एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर फेकली जाते, आणि यांत्रिक हार्डडिस्कला तेवढ्यात नीट ओळखले जाण्याचीही उसंत मिळत नाही. दुसरी खोड विजेची. यूएसबी २.० पोर्टकडून ५०० मिलिअँपिअर आणि ३.० कडून ९०० मिलिअँपिअर एवढाच प्रवाह मानकात धरलेला आहे. स्विचला स्वतःचा अडॅप्टर नसेल तर त्यातच स्विच, की-बोर्ड, माउस आणि डिस्क या सगळ्यांनी भागवायचे असते, आणि डिस्कची चकती फिरायला लागताना तिला सर्वांत जास्त प्रवाह लागतो. अडॅप्टर असला तर तो बहुतेक ठिकाणी भिंतीवरच्या साध्या सॉकेटमध्ये लावलेला आढळतो. सर्व्हर यूपीएसवर आणि स्विच मात्र थेट विजेवर, ही मांडणी गुरुवारी देखभालीसाठी वीज जाणाऱ्या आपल्या शहरात काय करते ते वेगळे सांगायला नको. सर्व्हर चालूच राहतो आणि त्याच्या हातातली डिस्क क्षणात नाहीशी होते.

वेगाचा हिशेबही विक्रेते सांगत नाहीत. डिस्कच्या खोक्यावर यूएसबी ३.० लिहिलेले असले तरी बऱ्याच स्विचांचा हब २.० चा असतो. त्याचा कागदावरचा वेग सेकंदाला ४८० मेगाबिट असला तरी प्रत्यक्षात ३० ते ४० मेगाबाइटच हाती लागतात, म्हणजे १०० जीबीला साधारण पाऊण ते एक तास. काही जुन्या स्विचांत तर केवळ की-बोर्ड-माउसच्या हिशेबाने १.१ चा हब दिलेला असतो. त्यावर तेवढ्याच मजकुराला एका दिवसाहून अधिक काळ लागेल. साध्या गिगाबिट नेटवर्कवरून, दोन्ही टोकांच्या डिस्क ठीक असतील तर, सेकंदाला सुमारे ११० मेगाबाइट मिळतात आणि तेच काम पंधरा-सोळा मिनिटांत होते.

यावर काही जण विचारतात की मग दोन्ही सर्व्हरना एकाच वेळी डिस्क दाखवणारा स्विच नसतो का. समजा तशी जोडणी केलीच, तरी नेहमीच्या फाइल पद्धतीत प्रत्येक सर्व्हर डिस्कवरची रिकामी जागा कोणती हे आपल्या मेमरीत धरून चालतो आणि दुसरा कोणी तिथे लिहीत असेल अशी त्याला शंकाही नसते. एकाच खतावणीत दोन कारकून, एकमेकांचे पान न पाहता, आपापल्या आठवणीवरून नोंदी करू लागले तर जे होईल तेच इथे होते. दोन सर्व्हरनी एकच डिस्क थेट वापरावी यासाठी जीएफएस२ किंवा ओसीएफएस२ यांसारख्या क्लस्टर फाइल पद्धती असतात, पण त्या चालवण्याचे मनुष्यबळ पतसंस्थेकडे किंवा शाळेकडे नसते आणि त्यांना त्याची गरजही नसते.

त्यांना गरज असते ती नेटवर्कवरच्या साठवणुकीची. दोन डिस्कचे एक लहान नास उपकरण (नेटवर्कला जोडलेली साठवणुकीची पेटी) घ्यावे, किंवा एका जुन्या पण धडधाकट संगणकावर लिनक्स टाकून त्यावरचे फोल्डर एसएमबी वा एनएफएस या नेटवर्कवर फाइल वाटण्याच्या पद्धतींनी इतर सर्व्हरना द्यावे. डिस्क तेव्हा एकाच संगणकाच्या ताब्यात राहते, बाकीचे सर्व्हर त्याच्याकडे फाइल मागतात, आणि दोघांनी एकाच वेळी एका फाइलला हात घातला तर कोणाला थांबवायचे हे तो ठरवतो. सर्व्हर एकमेकांशी साठवणूक वाटून घेतात असे म्हणायचे तर ते असे. पडदा कोणत्या पोर्टवर आहे याच्याशी मग बॅकअपचा काही संबंध उरत नाही. प्रत्येक सर्व्हरला त्या उपकरणावर वेगळे खाते आणि वेगळा पासवर्ड द्यावा; जुन्या सवयीने एसएमबीची पहिली आवृत्ती चालू ठेवू नये, कारण मे २०१७ मध्ये जगभर पसरलेल्या वॉनाक्राय या रॅन्समवेअरने (फाइल कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या प्रोग्रॅमने) तिच्यातल्याच त्रुटीचा फायदा घेतला होता. याशिवाय एक बाहेरची डिस्क असावीच, पण ती त्या नासच्या किंवा एखाद्या सर्व्हरच्या स्वतःच्या पोर्टला लावावी, बॅकअप झाल्यावर रीतसर काढावी आणि दुसऱ्या इमारतीत ठेवावी. कायम जोडून ठेवलेली डिस्क रॅन्समवेअर आल्यास सर्व्हरबरोबरच कुलूपबंद होते.

व्हायरसचा मुद्दा इथे येतोच. फिरती डिस्क ज्या सर्व्हरला लागते तिथले सारे काही घेऊन पुढे जाते. २००८ पासून पसरलेला कॉन्फिकर आणि २०१० मध्ये उघडकीस आलेला स्टक्सनेट या दोघांनीही यूएसबी साधनांचा आधार घेतला होता. कॅमेऱ्यांचा, इंटरनेटला उघडा असलेला संगणक आणि ठेवीदारांची माहिती असलेला सर्व्हर यांच्यात एका बटणाने डिस्क फिरवणे म्हणजे नेटवर्कमध्ये पैसे खर्चून उभारलेली फायरवॉल बाजूला ठेवून मागच्या दाराने वाट करून देणे आहे. अमेरिकेत सरकारी व संरक्षणविषयक वापरासाठी जे सुरक्षित केव्हीएम स्विच प्रमाणित केले जातात, त्यांत की-बोर्ड आणि माउसच्या पोर्टला पेनड्राइव्ह लावला तर तो नाकारला जातो आणि साठवणुकीची साधने मुळीच चालू दिली जात नाहीत. आपल्याकडे मात्र हीच गोष्ट जादा सोय म्हणून विकली जाते.

म्हणून तो यूएसबी पोर्ट बुजवून टाकावा असे मी म्हणणार नाही. नव्या सर्व्हरवर पेनड्राइव्हवरून कार्यप्रणाली बसवायची असेल, एखादी छोटी पॅच फाइल न्यायची असेल, तर समोर माणूस उभा असतो आणि काम झाल्यावर ‘अनमाउंट’ करूनच बटण दाबता येते. स्विच घेताना यूएसबी हब पडद्यापासून वेगळा फिरवता येतो का हे विचारावे. काही स्विचांत ही सोय असते आणि मग पडदा तिसऱ्या सर्व्हरवर नेला तरी डिस्क पहिल्यावरच राहते. अशा स्विचचे काही जादा पैसे पडले तरी ते द्यावेत. डिजिटल सहीचा टोकन मात्र या पोर्टवर कायमचा लावून ठेवू नये, आणि हे मी अनेक कार्यालयांत पाहतो. जो की-बोर्डसमोर बसेल त्याच्या हाती सचिवांची सही, अशी ती अवस्था असते.

की-बोर्ड सामाईक असल्याचे इतरही परिणाम आहेत, त्यांतला एक बहुतेकांना ठाऊक नसतो. विंडोज सर्व्हरवर लॉगिनसाठी कंट्रोल-आल्ट-डिलीट दाबायची सवय असते. समोरचा काळा पडदा विंडोजचा झोपलेला पडदा आहे असे समजून ती तीन बटणे दाबली आणि प्रत्यक्षात स्विच लिनक्स सर्व्हरवर असला, तर आजच्या बहुतेक लिनक्स वितरणांच्या मूळ सेटिंगनुसार तो सर्व्हर सरळ रीबूट होतो, तेही लॉगिन न करता. सिस्टिमडीमध्ये (लिनक्सच्या सेवा सांभाळणाऱ्या व्यवस्थेत) ‘कंट्रोल-आल्ट-डेल’ हे टार्गेट मास्क केले, म्हणजे बंद करून ठेवले, की हा प्रकार थांबतो. ते काम दोन मिनिटांचे आहे. दुसरे असे की पडदा बदलल्याने लॉगआउट होत नाही. ॲडमिनिस्ट्रेटरने उघडे ठेवलेले सत्र पुढच्या माणसाला तसेच मिळते. सीईआरटी-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार सायबर घटनेची खबर सहा तासांत द्यायची आणि लॉग १८० दिवस जपायचे आहेत. पण सगळ्यांनी एकाच उघड्या खात्यावरून काम केले असेल तर जपलेल्या लॉगमधून कोणी काय केले ते कळणार कसे? काही मिनिटांनी आपोआप लॉक होणारा पडदा आणि प्रत्येकाचे वेगळे खाते एवढे तरी हवेच.

हिंजवडीकडच्या मोठ्या कंपन्यांत हे प्रश्न वेगळ्या पद्धतीने सुटलेले असतात. तिथे सर्व्हरमध्येच आयड्रॅक किंवा आयलो यांसारखी स्वतंत्र नियंत्रण चिप असते, तिच्यातून पडदा नेटवर्कवरून दिसतो आणि कार्यप्रणालीची आयएसओ फाइलही दुरून जोडता येते. जुने सर्व्हर स्वस्तात घेणाऱ्या संस्थांकडे अनेकदा हीच चिप असते आणि कोणी तिच्याकडे पाहिलेलेही नसते, मात्र दुरून पडदा पाहण्यासाठी बऱ्याच वेळा वेगळा परवाना घ्यावा लागतो. ती वापरायची असेल तर मूळ पासवर्ड बदलावा आणि तिला इंटरनेटवर कधीही उघडे ठेवू नये. सर्व्हर बंद असला तरी ती जागी असते.

माझी विनंती तीन ठिकाणी आहे. विक्रेत्यांनी कोटेशनमध्ये ‘यूएसबी स्टोरेज शेअरिंग’ असे मोघम न लिहिता ‘यूएसबी उपकरण एका वेळी एकाच सर्व्हरला जोडले जाईल; पडदा बदलताना ते तुटेल’ असे स्पष्ट लिहावे, आणि हबची आवृत्ती व अडॅप्टर यांचाही उल्लेख करावा. सहकार खात्याने लेखापरीक्षकांच्या तपासणीत बॅकअप घेतला जातो का एवढ्याच प्रश्नावर न थांबता, तो कोणत्या साधनावर आणि कोणत्या मार्गाने घेतला जातो व गेल्या तिमाहीत त्यातून माहिती परत उतरवून पाहिली का, हे विचारावे. संचालकांना तर यासाठी तांत्रिक ज्ञानाचीही गरज नाही. पुढच्या मासिक सभेपूर्वी त्यांनी सर्व्हरच्या जागेपर्यंत जावे, बॅकअपच्या डिस्कची केबल हाताने धरून शेवटपर्यंत जावे आणि ती कुठे जाऊन लागते ते पाहावे. ती केव्हीएम स्विचच्या डब्यात जात असेल तर देखभाल करणाऱ्याला त्याच दिवशी बोलावून घ्यावे.

आपला विश्वासू,
संगणक-देखभाल व्यावसायिक व आपला नियमित वाचक,
नारायण पेठ, पुणे